निकाल हंगामात हवा

पनवेल तालुक्यातल्या कोन गावाला नकाशात दुर्गम म्हणता येणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना पुणे रस्ता या पट्ट्यातूनच जातात. गोव्याचा महामार्ग फुटतो तो पळस्पे फाटा जवळच आहे. पनवेलचे न्यायालय, तहसील आणि प्रांत कचेरी गाठायला फार वेळ लागत नाही. तरीही या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा बांधाचा, वाटेचा, वारसाचा किंवा कुळाचा वाद एकदा कागदावर चढला, की तो कधी संपेल हे खात्रीने कुणी सांगत नाही. ग्रामीण भागात न्याय उशिरा मिळतो याचे कारण आपण बहुधा अंतरात शोधतो. गाव लांब, रस्ता वाईट, कोर्ट दूर, असे ते कारण असते. कोनसारख्या गावाने हे कारण निकालात काढले आहे. इथे रस्ता आहे, कोर्टही आहे, आणि उशीर मात्र तसाच आहे. म्हणजे शेतकऱ्याला न्यायापासून दूर ठेवणारे अंतर किलोमीटरचे नाही. ते कचेऱ्यांच्या पायऱ्यांचे आणि पुढच्या तारखांचे आहे. शेतीच्या वादाचा पहिला निर्णय जागेवर जाऊन आणि पुढच्या हंगामाच्या आत व्हायला हवा. त्यासाठी लागणारे बरेचसे कायदे आपल्याकडे आधीपासून आहेत, फक्त ते वापरण्याची सवय मोडली आहे, असे माझे म्हणणे आहे.

शेतीचे वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही. रायगडच्या भातपट्ट्यात उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या पावसावर पेरणी करायची, आषाढात लावणी उरकायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी करायची, असे वर्षाचे गणित असते. खाचरे एकाखाली एक उतरत जातात आणि वरच्या खाचराचे पाणी खालच्यात येते. वरच्याने जून महिन्यात बांधाला माती लावून ते पाणी अडवले, किंवा बैल आणि पॉवर टिलर जाण्याची जुनी वाट काटे टाकून बंद केली, तर खालच्या शेतकऱ्याला निकाल त्याच पंधरवड्यात हवा असतो. नोव्हेंबरमध्ये बाजूने लागलेला निकाल कागदावर जिंकलेला असतो आणि शेतावर हरलेला. शहरातला भाडेकरू-मालकाचा दावा वर्षभर लांबला तर तोटा पैशांत मोजता येतो. शेतीत एक हंगाम गेला की बियाणे, मजुरी आणि वर्षाचे घरचे तांदूळ एकदम जातात. शिवाय सलग दोन-तीन वर्षे जमीन पडीक राहिली, की ‘वहिवाट कुणाची?’ या प्रश्नाचे उत्तरच बदलू लागते. उशीर असा नुसता न्याय लांबवत नाही, पुरावाही बदलतो.

या नेमक्या अडचणीवर इंग्रज सरकारने १९०६ साली उपाय केला होता. तो मामलेदार न्यायालय अधिनियम आजही लागू आहे. त्यातल्या कलम ५ प्रमाणे वहिवाटीच्या वाटेवर किंवा नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्यावर कुणी अडथळा उभारला, तर तो दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. अट एकच आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. मालकी कुणाची हा प्रश्न इथे सोडवायचा नसतो, तो दिवाणी न्यायालयाकडे राहतो. इथे पाहायचे ते एवढेच, की वाट होती का, पाणी येत होते का आणि ते कुणी अडवले. ज्याला वाटच नाही त्याला बांधावरून नवी वाट द्यायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १४३ आहे. म्हणजे शेतकऱ्याला वकिलाशिवाय, जवळच्या कचेरीत, जागा पाहून झटपट दिलासा मिळावा अशी रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. प्रत्यक्षात काय होते? अर्ज येतो, नोटिसा निघतात, समोरचा मुदत मागतो. मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा येईपर्यंत लावणी होऊन जाते. त्यातून आदेश झालाच तर त्यावर प्रांताकडे पुनरीक्षण दाखल होते आणि पहिल्याच दिवशी स्थगिती मिळते. झटपट म्हणून केलेला कायदा असा पुन्हा तारखांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

फेरफाराच्या वादात या पायऱ्या आणखी ठळक दिसतात. खातेदार वारला किंवा जमीन विकली गेली, की तलाठी नोंद घालतो. (या पदाला सरकारने अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे.) संबंधितांना नोटिसा जातात. कुणी हरकत घेतली की ती नोंद तक्रारी होते आणि प्रकरण सुनावणीला लागते. असे वाद शक्यतो एका वर्षात निकाली काढावेत, असे संहितेतच लिहिले आहे. पण त्या निकालावर प्रांताकडे अपील आहे, त्यानंतर अलिबागला जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढे अपील आहे. पुढे बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्त, त्यापुढे मंत्रालयात शासनाकडे पुनरीक्षण आणि शेवटी उच्च न्यायालयात रिट. पनवेलहून सत्तरेक किलोमीटर दक्षिणेला अलिबाग, तिथून परत पनवेल ओलांडून बेलापूर, मग मुंबई, असा हा फेरा आहे. गंमत अशी, की एवढे करून हातात येते ती फक्त नोंद. फेरफार म्हणजे मालकीचा निर्णय नव्हे. मालकी ठरवायला दिवाणी दावा वेगळाच करावा लागतो. एकाच बांधासाठी दोन रुळांवर दोन गाड्या धावतात आणि प्रत्येक गाडी दुसरीच्या निकालाकडे बोट दाखवून सिग्नलला उभी राहते.

कुळाच्या प्रश्नात तर कायद्यानेच ही गाठ घालून ठेवली आहे. कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, कुळांच्या हक्कासाठी मोठी किंमत मोजली. चरी-कोपरच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. पुढे १९४८चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कायद्याने कसणारा मालक मानला गेला, पण प्रत्येकाची खरेदी किंमत ठरवून त्याला कलम ३२-म प्रमाणे प्रमाणपत्र देण्याचे काम शेतजमीन न्यायाधिकरणाकडे होते. ते जिथे अर्धवट राहिले, तिथे तिसऱ्या पिढीत वाद उफाळतो. मूळ मालकाचे वारस दिवाणी न्यायालयात जातात, कसणारा ‘मी कूळ’ म्हणतो, आणि कलम ८५-अ लागू होते. कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नसल्याने दावा थांबवून तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. तहसीलदाराच्या निर्णयावर प्रांताकडे अपील, पुढे महसूल न्यायाधिकरणात पुनरीक्षण आणि मग उच्च न्यायालय. हे सगळे संपेपर्यंत मूळ दावा पनवेलच्या कोर्टात नुसता पडून राहतो. गरीब कुळाच्या रक्षणासाठी केलेली तरतूद अशी वापरली, की त्याच कुळाला ती अनेक वर्षे लटकवून ठेवते.

हा उशीर सगळ्यांना सारखा बाधत नाही. ज्याच्याकडे ताबा आहे आणि वकिलाला द्यायला पैसा आहे, त्याला तारीख पडणे सोयीचे असते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याची प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. पनवेल परिसरात जमिनीचे भाव शेतीच्या उत्पन्नाशी नाते तुटल्यासारखे वाढले, तेव्हापासून हा फरक अधिकच जाणवतो. अडकवून ठेवलेल्या जमिनीची किंमत वाढतच असेल, तर समझोत्याची घाई कुणाला? कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर तर वाद सुरू करण्याइतकेही बळ नसते. अनेक वाड्या खासगी जमिनीवर वसलेल्या आहेत आणि घराखालची जागाही आपली असल्याचा कागद त्यांच्याकडे नाही. अशा माणसाला ‘कोर्टात जा’ हे उत्तर म्हणजे ‘गप्प बस’ असेच ऐकू येते.

उशिराची सार्वजनिक किंमत काय असते, हे याच भूभागाने एकदा पाहिले आहे. नवी मुंबईसाठी १९७० पासून पनवेल, उरण आणि ठाणे भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाच्या अधिसूचना निघाल्या. मोबदल्याचा आणि विकसित जमिनीत वाट्याचा प्रश्न कचेऱ्यांत आणि कोर्टांत सुटेना, तेव्हा वकील आणि लोकप्रतिनिधी असलेल्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. कायद्याच्या पुस्तकात वाढीव मोबदल्याचा मार्ग तेव्हाही होता. १८९४च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम १८ प्रमाणे न्यायालयाकडे संदर्भ मागता येत असे. पण जो मार्ग वर्षानुवर्षे कुठे पोहोचत नाही, त्यावर लोकांचा विश्वास उरत नाही. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने असे संदर्भ सहा महिन्यांत निकाली काढण्याचे बंधन घातले, ते अशा अनुभवांनंतरच. मुदत लिहिणे आणि पाळणे यांत मात्र अजून अंतर आहे. प्रतीक्षा काय असते हे कोनला दुसऱ्याही बाजूने माहीत आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली. ती घरे २०२०मध्ये कोरोनाच्या विलगीकरणासाठी वापरली गेली आणि ताबा मिळायला पुढे काही वर्षे गेली. ज्यांच्या घरच्यांनी कोकणातली शेती सोडून गिरणी धरली, अशी अनेक कुटुंबे त्या यादीत आहेत.

न्याय शेतकऱ्याच्या दारी न्यावा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले. त्यानंतरच्या चौकशीत दिसले, की दूरच्या कोर्टात शेतकरी हजरच होत नसे आणि सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे. म्हणून १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत वेगळी व्यवस्था आणली. न्यायाधीशाने प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याचे ऐकायचे, कर्जरोख्यावर विसंबून न राहता मूळ हिशेब तपासायचा, लहान दाव्यांसाठी गावात मुन्सफ नेमायचे आणि दाव्याआधी समेट घडवणाऱ्यांकडे जायचे, अशी ती योजना होती. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून फिरून काम केले. पुढे समेटाचा दाखला ही निव्वळ औपचारिकता झाली अशी टीका झाली आणि ती व्यवस्था मागे पडली. पण तिच्यातला धडा टिकून आहे. न्यायाधीशाने कागद पाहण्यापेक्षा माणूस आणि जागा पाहिली, तर निकाल लवकर आणि बरोबर लागण्याची शक्यता वाढते.

हाच धागा ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ने पुन्हा उचलला. विधी आयोगाने १९८६मध्ये केलेल्या शिफारशीवर तो आधारला असून २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी होण्यास पात्र असलेला न्यायाधिकारी गावोगाव फिरून सुनावणी घेईल, पुरावा कायद्याच्या तांत्रिक नियमांत अडकणार नाही आणि आधी समेटाचा प्रयत्न करेल, अशी ही रचना आहे. पाटाचे पाणी, विहिरीतून पाणी घेण्याचा हक्क, गावातल्या आणि शेतावरच्या घरांचा ताबा, सामाईक कुरण आणि किमान वेतन हे सगळे वाद त्याच्या यादीत आहेत. दिवाणी दावा सहा महिन्यांत निकाली काढायचा आणि त्यावर एकच अपील, तेही सहा महिन्यांत. शेतीच्या वेळापत्रकाच्या इतका जवळ जाणारा कायदा दुसरा नाही. पण राज्यांवर सक्ती नव्हती. देशभरात पाचशेच्या आतच ग्राम न्यायालये अधिसूचित झाली आणि त्यांतली सगळी सुरूही नाहीत. अखेर जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना चार आठवड्यांत अधिसूचना काढायला सांगावे लागले.

यावर पहिला आक्षेप असा, की गावातला झटपट न्याय म्हणजे गावकीचा न्याय. हा आक्षेप हलका नाही. रायगड जिल्ह्यातच गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे वारंवार पुढे आली. २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम करायला ती मोठे कारण ठरली. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ही त्यातली शिक्षा. पण या आक्षेपाचा रोख गावात येणाऱ्या न्यायाधीशावर नाही. न्यायाधीश येत नाही म्हणून त्याची जागा घेणाऱ्या पंचांवर आहे. सरकारी कोर्टाला दहा वर्षे लागतात आणि गावकी रविवारी बैठक घेते, तेव्हा माणूस गावकीकडे जातो. ग्राम न्यायालयात न्यायाधिकारी बाहेरचा असतो. त्याने आपले किंवा नातलगांचे हितसंबंध असलेले प्रकरण ऐकू नये असे बंधन आहे आणि वर अपील आहे. वेगवान निकालाला गावकीचे नाव चिकटू नये, यासाठी तो निकाल राज्यसंस्थेनेच वेळेत देणे हाच उपाय आहे.

दुसरा आक्षेप संगणकाचा. सातबारा आता मोबाइलवर डिजिटल सहीने मिळतो, फेरफार ऑनलाइन दिसतो, २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतःचे पीक नोंदवतो. मग अडचण कसली? ही प्रगती खरीच आहे. कोण कसतो याचा वर्षागणिक पुरावा पीक पाहणीतून तयार होतो, आणि तारखा घरबसल्या पाहता येतात. पण पडद्यावर दिसणारी तारीख लवकरची असतेच असे नाही. बांध कुठे आहे हे सातबारा सांगत नाही, त्यासाठी मोजणी करावी लागते. कोकणात एकेका सर्व्हे नंबरचे अनेक हिस्से पडलेले, एकेका हिश्श्यावर डझनभर सामाईक नावे आणि त्यांतली काही मंडळी मुंबईत. नोटीस बजावण्यातच वेळ जातो. भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीवाले अपुरे असतील, तर सगळ्या ऑनलाइन सोयी त्या एका रांगेपाशी येऊन थांबतात.

तिसरा आक्षेप सर्वांत सरळ आहे. न्यायाधीश वाढवा, बाकी आपोआप होईल. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले प्रलंबित आहेत. विधी आयोगाने १९८७ साली दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असे सांगितले होते, आणि आजचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्याही खाली आहे. न्यायाधीश हवेतच, यात वाद नाही. ‘दक्ष’ या संस्थेच्या २०१६च्या सर्वेक्षणात दिवाणी पक्षकारांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचे दावे जमीन-मालमत्तेचे निघाले. म्हणजे जमिनीचा वाद मुळाशीच सुटला, तर न्यायालयांवरचा भारही हलका होईल. पण शेतीचे बरेच वाद मुळात महसूल कचेरीतच सुरू होतात, आणि तिथला तहसीलदार निवडणूक, आपत्ती, धान्यवाटप, भूसंपादन आणि शिष्टाचार सांभाळून उरलेल्या वेळात न्यायाधीश असतो. दिवाणी न्यायाधीशांची संख्या दुप्पट केली तरी हा अर्धवेळ न्याय तसाच राहील.

म्हणून उपाय रचनेतच करायला हवेत. वाट आणि पाणी यांच्या अर्जांवर तहसीलदाराने ठरावीक दिवसांत स्वतः स्थळपाहणी करून अंतरिम आदेश द्यावा. मे २०२५मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन मीटर रुंद असावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी आणि अर्जावर ९० दिवसांत निर्णय व्हावा असा निर्णय काढला. दिशा बरोबर आहे, पण मे महिन्यातल्या अर्जाला ९० दिवस म्हणजे लावणी गेली. अशा अर्जांची पहिली सुनावणी हंगामाआधी व्हायला हवी. वरच्या कचेरीने स्थगिती देताना कारण लिहावे आणि स्थगितीची मुदत एका हंगामापुढे जाऊ नये. कलम ८५-अ खाली आलेले कुळाचे मुद्दे वेगळ्या यादीत घालून आधी निकाली काढावेत. महसुली सुनावण्यांसाठी तालुक्यात दुसरे काही काम नसलेला अधिकारी असावा. जिथे भांडण आपसात मिटू शकते, तिथे सोपी वाट खुली ठेवावी. २०२३च्या सलोखा योजनेत बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्यांना नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल करता येते. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, प्रशासनाने मनावर घेणे पुरेसे आहे.

तोवर शेतकऱ्यानेही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वाट किंवा पाणी अडले तर मामलेदार कायद्यातली सहा महिन्यांची मुदत तोंडी बोलणी करण्यात घालवू नका. फेरफाराची नोटीस दिसली आणि हरकत असेल, तर ती मुदतीतच लेखी द्या आणि पोच घ्या. दरवर्षी पीक पाहणी स्वतः नोंदवा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. आणि गावाने ग्रामसभेत ठराव करून आपल्या तालुक्यासाठी ग्राम न्यायालयाची मागणी करावी. तो कायदा लागू होऊन दीड दशक उलटले आहे, आणि मागणी करणारी गावेच त्याला कपाटातून बाहेर काढू शकतात.